त्या धूनखाली तिचं नाव यायला पन्नास वर्षं लागली

मराठी मालिका, वेब सीरीज आणि सिनेमे बनवणाऱ्या सगळ्या निर्मात्यांना, चॅनलच्या प्रोग्रॅमिंगच्या लोकांना आणि एपिसोडच्या शेवटी जी नावं पळतात त्यांची फाइल जे कोणी फायनल करतात त्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली चौदा वर्षं साउंडचं काम करते. सुरुवात नाटकापासून, विंगेत लॅपटॉप घेऊन म्युझिक ऑपरेट करायचे, मग एडिटिंग, मग फॉली, म्हणजे पावलं, भांडी, कपडे यांचे आवाज स्टुडिओत वेगळे करून चित्राला जोडायचं काम, आणि आता मालिकांचं साउंड डिझाइन करते, अधूनमधून टायटलची धूनही. हे पत्र खूप दिवस मनात होतं. तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगायची आहे. जरा लांब आहे पण पूर्ण वाचा अशी विनंती, कारण मला जे मागायचंय ते त्या गोष्टीतच आहे.

बाईचं नाव डेलिया डर्बीशायर. जन्म 5 मे 1937, इंग्लंडमधलं कोव्हेंट्री शहर, वडील पत्र्याचं काम करणारे कामगार. ती साडेतीन वर्षांची असताना, 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी कोव्हेंट्रीवर बॉम्ब टाकून शहर जाळून काढलं. मोठेपणी ती सांगायची की हवाई हल्ल्याचा सायरन आणि नंतर धोका टळल्याचा सायरन, हेच आपलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत, कारण लहान पोराला तो आवाज कुठून येतो ते कळत नाही, त्याच्यासाठी तो नुसता आवाज असतो. मग तिला प्रेस्टनला पाठवलं, आईवडिलांचं मूळ गाव, आणि ते गाव कापडगिरण्यांचं. पहाटे गिरणीत जाणाऱ्या बायाबाप्यांच्या लाकडी तळाच्या बुटांचा दगडी रस्त्यावर होणारा खडखडाट, हा तिच्या डोक्यात बसलेला दुसरा आवाज. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, घरात आजही कोणी ना कोणी भोंग्याची आठवण काढतंच, त्यामुळे प्रेस्टनचं हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथली शिफ्ट सुटतानाची गर्दी डोळ्यासमोर आली. आवाज लहानपणी असे कानात जाऊन बसतात आणि मग आयुष्यभर तिथून हलत नाहीत.

पोरगी गणितात हुशार. कामगाराच्या घरातली मुलगी, 1950 च्या दशकात, आणि ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे ॲडमिशन मिळाली! तिने केंब्रिजचं गर्टन कॉलेज घेतलं, गणितासाठी स्कॉलरशिप होती, वर्षभराने संगीताकडे वळली आणि 1959 ला गणित आणि संगीत दोन्ही घेऊन बाहेर पडली. मग डेक्का या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली तर उत्तर मिळालं की आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. इतकं सरळ. मग जिनिव्हाला काही दिवस मुलांना शिकवलं, परत येऊन शाळेत शिकवलं, लंडनला संगीताची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीत काम केलं, आणि 1960 च्या शेवटी बीबीसीत शिकाऊ असिस्टंट स्टुडिओ मॅनेजर म्हणून लागली. तिथे तिला कळलं की याच बीबीसीत रेडिओफोनिक वर्कशॉप नावाचा एक विभाग आहे आणि तिने स्वतःहून तिकडे जायची इच्छा सांगितली. वरच्या लोकांना नवल वाटलं, कारण तिथे माणसांना पाठवलं जायचं, कोणी मागून जात नव्हतं. 1962 ला ती तिथे गेली.

आता हे वर्कशॉप काय होतं ते नीट सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटेल की सिंथेसायझर घेऊन बसायचे. नाही. 1958 ला डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को यांनी ते सुरू केलं, लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत, जी इमारत मुळात स्केटिंग करायची जागा म्हणून बांधलेली. काम काय, तर रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांना असे आवाज आणि असं संगीत करून द्यायचं जे नेहमीच्या वाद्यवृंदातून निघणार नाही. सामान म्हणजे टेप मशिनी, आणि ऑसिलेटर, म्हणजे विजेवर एकसारखा सूर काढणारी उपकरणं, जी खरं तर यंत्रं तपासायला असतात, वाजवायला नसतात. बाकी ब्लेड, चिकटपट्टी आणि माणसाचा कान. डॅफ्नी ओरम स्वतः वर्षभरातच बीबीसी सोडून गेल्या आणि केंटमध्ये आपला स्टुडिओ काढला, त्यांच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल इतकं त्यांचं काम आहे.

टेपवर संगीत कसं करायचे बघा. एक आवाज रेकॉर्ड करायचा. टेपचा वेग दुप्पट केला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो, निम्मा केला की एक सप्तक खाली. मधले सूर पाहिजे असतील तर हिशोब करावा लागतो, एका स्वरावरून पुढच्या अर्ध्या स्वरावर जायला वेग साधारण 1.059 पटीने वाढवायचा, असं बारा वेळा केलं की सप्तक पूर्ण. डेलिया हे सगळं गणिताने करायची, लॉगॅरिदमची पुस्तकं घेऊन. मग सुराची लांबी. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच टेप. म्हणजे लय ही फूटपट्टीने मोजायची गोष्ट होती! प्रत्येक सूर तेवढ्या इंचाचा कापायचा, तिरपा काप द्यायचा, पुढच्या सुराला चिकटवायचा, आणि अशा शेकडो तुकड्यांची एक ओळ. आज मी माउसने क्लिप ओढते आणि आवडलं नाही तर कंट्रोल झेड मारते, पण एकदा हौस म्हणून एका जुन्या स्पूल मशीनवर चार सूर कापून जोडायला बसले होते, दुपार गेली आणि चौथा सूर तरी लंगडतच होता.

1963 ला बीबीसी एक नवीन मालिका आणत होती, डॉक्टर हू. काळातून प्रवास करणारा एक माणूस वगैरे, मुलांसकट घरातल्या सगळ्यांनी बघायची मालिका. टायटलची धून रॉन ग्रेनर यांनी लिहिली, ते नावाजलेले संगीतकार होते. त्यांनी एका कागदावर सुरावट लिहून दिली आणि बाजूला आवाजांविषयी शब्द, इथे वाऱ्याचा ढग, इथे सरकत वर जाणारा सूर, अशा प्रकारचे. आणि ते सुट्टीवर गेले.

पुढचं सगळं डेलियाने केलं, डिक मिल्स नावाचा सहकारी मदतीला. त्या धूनचा जो बेस आहे, तो धडधडत पुढे जाणारा, तो म्हणजे छेडलेल्या एका तारेचा आवाज. एकच तार एकदा छेडली, रेकॉर्ड केली, आणि मग वेग बदलून बदलून त्या एका टणकाऱ्यातून बेसचे सगळे सूर काढले, कापले, जोडले. वरची सुरावट ऑसिलेटरची, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सरकत जाणारी, म्हणजे आपल्याकडे मींड म्हणतो तसं काहीसं, पण हाताने डायल फिरवून. आणि ते सूं सूं जे येतं ते नुसत्या खरखरीला गाळून गाळून केलेलं. मल्टिट्रॅक मशीन, म्हणजे एकाच टेपवर वेगवेगळे आवाज स्वतंत्र ठेवणारं, नव्हतं. बेस एका टेपवर, सुरावट दुसऱ्यावर, बाकीचे आवाज तिसऱ्यावर, आणि मग तिन्ही मशिनी एकाच वेळी सुरू करायच्या आणि चौथ्यावर रेकॉर्ड करायचं.

तर एकदा सगळं झालं, वाजवून बघितलं तर कुठेतरी एक सूर चुकीच्या जागी पडतोय. पण कुठे? मग त्यांनी काय केलं, तिन्ही टेपा मेडा व्हेलच्या त्या लांब कॉरिडॉरमध्ये नेल्या आणि जमिनीवर शेजारी शेजारी उलगडत गेले, आणि जोड बघत बघत चालत गेले. या टेपचा जोड, त्या टेपचा जोड, बाजूबाजूला यायला हवेत. एका ठिकाणी जोड पुढेमागे दिसला, तिथेच तो चुकीचा सूर. कानाने सापडला नाही तो डोळ्याने सापडला. मला हा प्रसंग इतका आवडतो की नवीन मुलं शिकायला येतात त्यांना मी पहिल्या दिवशी हाच सांगते. फरशीवर पसरलेली धून आणि तिच्या कडेने वाकून चाललेली एक पंचवीस सव्वीस वर्षांची मुलगी.

ग्रेनर परत आले, त्यांनी ऐकलं, आणि विचारलं, हे मी लिहिलंय? डेलिया म्हणाली, बरंचसं. ग्रेनर भला माणूस. त्यांनी बीबीसीला सांगितलं की हिला सहसंगीतकार म्हणून श्रेय द्या, रॉयल्टीही तिला मिळू दे. म्हणजे लक्षात घ्या, ज्याच्या नावावर धून होती तो स्वतः म्हणत होता की हिचं नाव लावा. बीबीसी नाही म्हणाली. वर्कशॉपचे लोक पगारी नोकर आहेत, त्यांची वैयक्तिक नावं द्यायची नाहीत, विभागाचं नाव द्यायचं, अशी पॉलिसी होती. 23 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिला एपिसोड लागला, आणि पडद्यावर नाव होतं रॉन ग्रेनर आणि बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप. तिची ती धून थोड्याफार बदलांनी 1980 पर्यंत वाजली. सतरा वर्षं! ब्रिटनमधल्या दोन पिढ्यांच्या अंगावर त्या सुराने काटा आला असेल, पण तो कोणी केला हे पडद्यावर कधी आलं नाही.

आणि हे एकच काम नव्हतं. 1964 ला रेडिओसाठी बॅरी बर्मांज यांच्याबरोबर तिने एक कार्यक्रम केला, लोकांनी सांगितलेली स्वप्नं, त्यांच्याच साध्या बोलण्यातली, पळण्याची स्वप्नं, पडण्याची स्वप्नं, समुद्राची, रंगाची, आणि त्यांच्याखाली तिचे आवाज. तो आजही हेडफोन लावून अंधारात ऐकून बघा. 1966 ला वर्कशॉपमधले सहकारी ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्याबरोबर बीबीसीच्या बाहेर इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक ग्रुप काढला, 1969 ला व्हाइट नॉइज नावाच्या ग्रुपमधून एक आख्खा अल्बम केला. पण मला थांबायचंय ते 1967 च्या एका कामावर.

सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवर एक डॉक्युमेंटरी होती. वाळवंट, उंट, निळे बुरखे घातलेले पुरुष, आणि संगीत असं हवं की ऊन लागलं पाहिजे. तिच्याकडे वर्कशॉपमध्ये एक हिरवी, पत्र्याची, मोडकळीला आलेली लॅम्पशेड होती. ती ठोकली की छान घुमायची. तिने तो आवाज रेकॉर्ड केला आणि सुरुवातीचा ठोका कापून टाकला, म्हणजे वस्तूवर मारल्याचा जो पहिला क्षण असतो तो काढून नुसतं मागचं घुमणं ठेवलं. मग त्या घुमण्यात कुठकुठले सूर आहेत ते शोधले. ज्याने तानपुरा लावलाय त्याला हे वेगळं सांगायला नको, खर्जाची एक तार छेडली तरी तिच्यातून गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतो आपण, तो कोणी वाजवलेला नसतो, तारेतच असतो. तसंच लॅम्पशेडमध्येही असतं. तिने त्यातले सगळ्यात ठळक बारा सूर निवडले आणि वर्कशॉपच्या बारा ऑसिलेटरवर ते परत उभे केले. उंटांच्या टापांना तिने स्वतःचा आवाज कापून वापरला. म्हणजे उंट चाललेत तिच्या गळ्यावर आणि ऊन पडलंय ते लॅम्पशेडचं. ऐकताना यातलं काही कळत नाही, नुसती तहान लागते.

हे मी वाचलं, आणि मग मला ते करून बघितल्याशिवाय चैन पडेना. त्याच सुमारास एका मालिकेची टायटल धून माझ्याकडे आली होती, जुना वाडा, त्या वाड्यात एक गोष्ट दडलेली, नेहमीचा पियानो आणि बासरी नको असं दिग्दर्शक म्हणत होता. आईकडे एक जाड पितळी परात आहे, आजीच्या वेळची, कणीक मळायची. ती आणली. रात्री अडीच वाजता रेकॉर्डिंग, कारण दिवसा रिक्षा आणि कुकरच्या शिट्ट्या. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला. माझा असिस्टंट, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा, परात तीन बोटांच्या टोकांवर तोलून उभा, कारण तळहात लागला की आवाज मरतो. मी लाटण्याला फडकं गुंडाळून काठावर हळूच मारायचे, माइक वीतभर अंतरावर. मारायचं आणि दोघांनी श्वास रोखून धरायचा, घुमणं पूर्ण संपेपर्यंत. वीस मिनिटं तो पोरगा हलला नाही, शेवटी त्याची बोटं थरथरायला लागली तर त्या थरथरण्याने सूर किंचित हलला, आणि तोच टेक आम्ही ठेवला. मग मी ठोका कापला, सूर एक सप्तक खाली आणला, त्याच्यावर तोच आवाज उलटा लावला, आणि वाडा उभा राहिला. खोटं सांगत नाही, दिग्दर्शकाने ऐकलं आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही.

मालिका दीड वर्ष चालली. रोज ती परात घराघरात वाजली. टायटलमध्ये संगीत म्हणून ज्या कंपनीने कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं त्या कंपनीचं नाव, आणि शेवटी ध्वनी म्हणून स्टुडिओचं नाव. माझं नाव नाही, त्या मुलाचं तर नाहीच. मी फोन केला, भांडायला नाही, नुसतं विचारायला. पलीकडून अगदी सभ्यपणे सांगितलं की मॅडम, टेक्निकलवाल्यांची नावं आम्ही वेगवेगळी देत नाही, स्टुडिओच्या नावात सगळे आले, पॉलिसी आहे. कोणती मालिका, कोणता चॅनल, हे मी लिहीत नाहीये आणि लिहिणारही नाही. कारण हे एका मालिकेचं नाही. माझ्या ओळखीतल्या साउंडच्या जवळजवळ प्रत्येकाकडे अशी एक तरी गोष्ट आहे, आणि फोनवरची वाक्यंही साधारण हीच आहेत.

पॉलिसी हा शब्द ऐकला तेव्हा मला डेलियाच आठवली. 1963 ची लंडनमधली पॉलिसी आणि आपल्याकडची आत्ताची पॉलिसी, शब्दाला शब्द.

तिचं पुढे काय झालं तेही सांगते. 1973 ला तिने बीबीसी सोडली. थोडे दिवस हॉजसन यांच्या स्टुडिओत काम केलं आणि मग संगीताचं कामच थांबवलं. वय अडतीसच्या आसपास. त्यानंतर तिने गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्या प्रोजेक्टवर रेडिओ ऑपरेटरची नोकरी केली, एका आर्ट गॅलरीत काम केलं, पुस्तकांच्या दुकानात केलं. जिने तारेच्या एका टणकाऱ्यातून आख्खी धून काढली ती बाई पाइपलाइनवर रेडिओवरून निरोप देत होती. दारूही खूप वाढली होती. श्रेय मिळालं असतं तर हे झालं नसतं असं मी म्हणणार नाही, माणसाच्या आयुष्यात बरंच काही असतं आणि ते आपल्याला बाहेरून कळत नाही. पण एवढं नक्की म्हणेन की जिचं नाव त्या धूनखाली नव्हतं तिला पुढचं काम शोधत कोण येणार होतं? आमच्या धंद्यात नाव हेच व्हिजिटिंग कार्ड असतं. शेवटच्या काही वर्षांत तरुण संगीतकार तिला शोधत आले, पीटर केंबर त्यातले एक, तिला परत उमेद आली, काम सुरू झालं, आणि 3 जुलै 2001 ला ती गेली. वय 64.

गेल्यावर तिच्या घराच्या माळ्यावर 267 टेपा सापडल्या. आणि ढीगभर कागद. त्या टेपा पुढे मँचेस्टर युनिव्हर्सिटीकडे गेल्या, तिथल्या अभ्यासकांनी त्यांचं डिजिटायझेशन केलं. त्यात 1960 च्या दशकाच्या शेवटी केलेला एक छोटासा तुकडा निघाला, जो ऐकून आजचे डान्स म्युझिक करणारे लोक चकित झाले, म्हणाले हा तर परवाच केल्यासारखा वाटतो. या टेपांमधलं बरंचसं संगीत कॉपीराइटच्या गुंत्यात अडकून राहिलं. मालकी कोणाची, नाव कोणाचं, हे तेव्हाच नीट लिहिलं असतं तर इतका गुंता झाला नसता, असं मला कामाच्या अनुभवावरून वाटतं.

मग हळूहळू मानसन्मान आले. कोव्हेंट्रीत एका रस्त्याला तिचं नाव दिलं, लहानपणीच्या घरावर 2017 ला निळी पाटी लावली, तिकडे नामवंतांच्या घरांवर लावतात तशी, त्याच वर्षी कोव्हेंट्री युनिव्हर्सिटीने मरणोत्तर डॉक्टरेट दिली. मँचेस्टरमध्ये तिच्या नावाने दिवस साजरा करतात. आणि 23 नोव्हेंबर 2013 ला, डॉक्टर हू मालिकेला पन्नास वर्षं झाली म्हणून जो खास एपिसोड केला, त्याच्या श्रेयनामावलीत पहिल्यांदा मूळ धूनसाठी डेलिया डर्बीशायर हे नाव आलं. पन्नास वर्षं. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. एक ओळ होती हो फक्त! सेकंद दोन सेकंदांची.

आता माझं मागणं. पैशाचं मी या पत्रात काढत नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर संघटनांनी बोलावं. कायद्याचंही फार काढत नाही, फक्त एवढंच की आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मध्ये, हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे असं सांगायचा अधिकार कर्त्याकडे राहतो. साउंड डिझाइन त्यात कितपत बसतं ते वकील सांगतील. मला माणुसकीच्या पातळीवरच बोलायचंय. ज्याने आवाज केला त्याचं नाव लिहा. कंपनीचं लिहा, स्टुडिओचं लिहा, त्यांचाही पैसा आणि जागा लागलेली असते, पण त्याच्याखाली माणसाचं नाव लिहा. साउंड डिझाइन अमुक, फॉली अमुक, साउंड एडिट अमुक, असिस्टंट अमुक. आणि टायटलची धून ज्याने खरंच बसवली त्याचं, कॉन्ट्रॅक्ट कोणाच्याही नावावर असो.

तुम्ही म्हणाल जागा नाही, एपिसोड बावीस मिनिटांचा, शेवटी प्रोमो लावायचा असतो, नावं कोपऱ्यात ढकलावी लागतात. मग रोज नको, आठवड्यातून एकदा, शनिवारच्या एपिसोडला पूर्ण श्रेयनामावली लावा. ॲपवर जिथे मालिकेची माहिती असते तिथे तर जागेचा काही प्रश्नच नाही, तिथे कलाकारांची नावं असतात त्याखाली आमची चार ओळी टाका. पुढचा एपिसोड पाच सेकंदांत सुरू होतो त्यामुळे ती नावं तशी कोणी वाचत नाही हे मलाही माहीत आहे. पण एक तरी वाचतोच. माझ्या एका शिष्याला पुढचं काम मिळालं ते कोणीतरी थिएटरमध्ये दिवे लागल्यावर दोन मिनिटं थांबून नाव वाचलं म्हणून.

आणि आपल्याला हे नवीन नाही ना! आपल्या नाटकाची पद्धत बघा. तिसरी घंटा होते, अंधार होतो, आणि पडदा उघडायच्या आधी आवाज येतो, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, प्रत्येकाचं नाव घेतलं जातं, प्रेक्षक मोबाइल बंद करता करता का होईना ऐकत असतात. पेपरातल्या नाटकाच्या एवढ्याशा जाहिरातीतसुद्धा ही नावं बसवतात, आणि पेपरात तर दर सेंटीमीटरला पैसे पडतात. माझं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं ते दादरला शिवाजी मंदिरात, प्रकाशयोजनेच्या नंतर, संगीत संयोजन म्हणून. मी विंगेत हेडफोन लावून बसले होते, पहिला क्यू पडद्याबरोबरच होता म्हणून बोट स्पेसबारवर, आणि नाव ऐकून ते बोट इतकं कापलं की क्यू अर्धा सेकंद उशिरा गेला. आई चौथ्या रांगेत होती. तिने त्या दिवसाचं तिकीट अजून देवाच्या पोथीत ठेवलंय.

अजून एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते, की साउंड हे टीमचं काम आहे, एकाचं नाव कसं देणार. मान्य, टीमचं काम आहे. डेलियाचंही टीमचं होतं, ग्रेनरची सुरावट होती, मिल्स यांचे हात होते, आणि त्या तिघांनाही कोणी काय केलं हे पक्कं माहीत होतं. टीमलाही माहीत असतं. आम्हाला विचारा, आम्ही पाच मिनिटांत लिस्ट करून देतो आणि त्यावरून आमच्यात भांडणं होणार नाहीत हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते.

या पत्राखाली माझं नाव नाही हे तुमच्या लक्षात येईलच. नावासाठी पत्र लिहिलं आणि नावच नाही, हे मलाही टोचतंय, रात्रभर विचार केला. पण सध्या दोन मालिका हातात आहेत आणि घर त्याच्यावर चालतं, नाव लिहिलं तर उद्या तिसरी मिळेल का याची खात्री नाही. परात धरून उभ्या असलेल्या त्या मुलाचंही नाव याच कारणाने लिहीत नाही. तो आता स्वतः डिझाइन करतो, माझ्यापेक्षा चांगला करतो, मागच्या वर्षभरात तुमच्यातल्या किमान तिघांच्या मालिकांचे आवाज त्याच्या हातून गेलेत. त्याचं नाव तुमच्या अकाउंट्सच्या टेबलावर आहे, बिलावर, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, खाली पॅन नंबर आहे. तिथून बघून पुढच्या सोमवारच्या एपिसोडला तेवढं टाकायला सांगा.

तुमची,
साउंडवाली